शेंदराची पुडी

आमच्या चिरंजिवांचे वय नऊ वर्षांचे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी घरच्या दूरदर्शनसंचावर 'अवतार' नावाचा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि तो संपताच आम्हांस विचारले, "बाबा, आपल्याकडे एवा आहे का?" कारकुनाच्या घरात प्रश्न निघतात ते बहुधा महागाईभत्त्याविषयी किंवा बदलीविषयी. असा प्रश्न आला म्हणजे उत्तर देण्यास थोडी मुदत मागून घ्यावी लागते. आम्ही ती मागून घेतली, आणि त्याच मुदतीत हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेम्स कॅमेरॉन या दिग्दर्शकाची ही कृती 2009 साली प्रकाशित झाली. पँडोरा नावाच्या एका दूरच्या उपग्रहावर नावी नावाचे निळ्या वर्णाचे उंच लोक राहतात. त्यांची देवता एवा. ती कुणा एका मूर्तीत राहत नाही. सगळी झाडे, जनावरे आणि माणसे मिळून जी एक अखंड सृष्टी होते, तीच ती. हे लोक शिकार करतात, परंतु प्राण्याचा जीव घेताना त्याची क्षमा मागतात. त्यांची लांब वेणी पवित्र वृक्षाच्या तंतूंना जोडली, की पूर्वजांचे आवाज कानी येतात. पुढे पृथ्वीवरची माणसे एका मौल्यवान खनिजासाठी तेथे येतात, तो साठा नेमका त्या लोकांच्या निवासवृक्षाखाली असतो, आणि मग जे व्हायचे ते युद्ध होते. युद्ध हरण्याच्या बेतात असता एवा स्वतः जागी होते आणि रानातली सगळी श्वापदे शत्रूवर तुटून पडतात.

हा धर्म कुणा ऋषीला अरण्यात स्फुरलेला नाही. तो पटकथाकाराने रचला, चित्रकारांनी रंगविला आणि पैसे मोजून लोकांनी पाहिला. असे असूनही तो मनाला भुरळ घालतो, हे आम्ही कबूल करतो. यात मोक्ष नाही, नरक नाही, जातपात नाही. सृष्टीचा आदर करावा आणि तिचे रक्षण करावा एवढेच सूत्र. मनुष्याने नव्याने धर्म रचायचाच झाला, तर याहून निरुपद्रवी आणि याहून निकडीचा धर्म दुसरा कोणता सुचेल? प्रश्न इतकाच, की रचलेला धर्म झाड वाचवू शकतो का? आणि वाचवू शकत असेल, तर तो रचण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

हा प्रश्न आमच्यापुढे काही चित्रपटामुळे प्रथम आला नाही. तो आमच्या टेबलावर फाइलीच्या रूपाने आधीच येऊन पडला होता. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

भुवनेश्वरला आमची बदली झाली त्याला आता बरीच वर्षे झाली. 2019 च्या 3 मे रोजी फनी नावाचे चक्रीवादळ पुरीच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आम्ही येथे नवे होतो. दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडलो तो शहर ओळखू येईना. रस्तोरस्ती मोठमोठी झाडे मुळांसकट आडवी पडली होती. पुढे कित्येक आठवडे आम्हांला आमची गल्ली उन्हावरून ओळखावी लागली, कारण सावलीच्या खुणा सगळ्या गेल्या होत्या. आमच्या कार्यालयाच्या आवारात त्या वादळातून सहा झाडे वाचली. तीन कडुनिंब, दोन शिरीष आणि कुंपणाशेजारी एक वड.

काही वर्षांनी त्या आवारात मोटारींसाठी छपरी बांधण्याचा प्रस्ताव आला. फाइल खालून वर जाते हे वाचकांना सांगणे नको. आणि खाली आम्ही होतो. वनखात्याची परवानगी मागण्याचा मसुदा आम्हीच केला आणि टिपणाच्या शेवटी "नियमानुसार हरकत दिसत नाही" असा शेरा आमच्याच हाताने लिहिला. त्या वेळी आम्हांस काहीही वाटले नाही. वाक्य आमच्या बोटांना इतके सवयीचे आहे, की त्यात झाडे आहेत का खुर्च्या आहेत इकडे लक्षही गेले नाही. यथाकाल परवानगी आली आणि ठेकेदाराची माणसे आली. दोन दिवसांत पाच झाडे गेली.

सहावे गेले नाही. वडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड होता, आणि दगडापुढे मातीचे दोन छोटे घोडे. या प्रांतात अशा जागी ग्रामदेवतेचा, म्हणजे ठाकुराणीचा, वास मानतात. मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. ठेकेदाराने जादा मजुरी देऊ केली, तरी कुणी हात लावीना. अखेर छपरीचा नकाशा बदलला आणि वड राहिला. परवानगी सहाही झाडांची होती. कागदावर त्यांच्यात काही भेद नव्हता. पाच झाडे आणि सहावे झाड यांत अंतर होते ते फक्त चिमूटभर शेंदराचे.

त्या दिवसापासून एक विचार आमच्या मनात घर करून बसला. शेंदराची पुडी दहा रुपयांना मिळते. दगड फुकट मिळतात. मग आणखी पाच दगड का नव्हते?

आता हा विचार नुसता सोयीचा आहे की नीतीचाही आहे, हे पाहिले पाहिजे. येथील मराठी मंडळात आम्ही एकदा हा विषय काढला. एक स्नेही बँकेत अधिकारी आहेत. ते म्हणाले, "यात पाप कसले? खोटे बोलून ब्राह्मण वाचवावा असे शास्त्र सांगते, मग झाड का वाचवू नये?" दुसरे गृहस्थ लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले आणि स्वभावाने बुद्धिवादी. त्यांचे म्हणणे, "तुम्ही लोकांच्या अज्ञानावर झाड उभे करणार. उद्या अज्ञान गेले की झाडही जाईल. आणि अज्ञान जाऊ नये अशी इच्छा तुम्हांला करावी लागेल. हे कोणत्या सुशिक्षिताला शोभते?" मंडळाचा चहा संपला, पण वाद संपला नाही.

बुद्धिवादी मित्राच्या बाजूने इतिहास बोलतो. धर्म हुकमाने रचता येतो का, याचा एक प्रयोग फ्रान्सच्या राज्यक्रांतीत होऊन गेला. 1793 च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या नोत्र दाम या मोठ्या चर्चमध्ये विवेकदेवीचा उत्सव झाला. तो रोबेस्पिएर यांना रुचला नाही, म्हणून त्यांनी परमपुरुषाचा निराळा पंथ काढून 1794 च्या 8 जूनला त्याचा थाटाचा महोत्सव केला. त्यानंतर अवघ्या पन्नास दिवसांनी, 28 जुलै रोजी, खुद्द त्यांचेच मस्तक यंत्राखाली गेले आणि त्यांच्यामागून तो पंथही गेला. ठराव करून देव आणता येतो, पण त्याला राहायला लावता येत नाही.

परंतु जुना, कुणीही ठराव न केलेला देव तरी झाडांचे रक्षण कोठवर करतो? आपल्या सह्याद्रीतल्या देवराया पाहा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 नंतरच्या दशकात त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि या रायांत किती दुर्मिळ वनस्पती टिकून आहेत हे जगाला दाखविले. तेथील नियम साधा. रायीतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. नेली तर देव कोपतो. मेघालयात मावफ्लांग येथे खासी लोकांचे असेच पवित्र वन आहे आणि तेथून पानही बाहेर नेऊ नये असा दंडक आहे. भीतीने का होईना, शेकडो वर्षे हे वृक्ष उभे राहिले. पण आपल्या मुलखात अलीकडे काय होते, ते सुट्टीत कोकणात जाणाऱ्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले असेल. गावाकडे मुंबईचा पैसा येतो, देवाला पक्के देऊळ हवे असे ठरते, सभामंडप मोठा होतो, फरशी बसते, वाहनांसाठी जागा लागते, आणि यासाठी देवाचीच झाडे देवाच्याच नावाने पडतात. देव राहतो, राई जाते. कोप होत नाही, कारण आता भक्तीचा पुरावा सिमेंटचा आहे. म्हणजे भीतीवर उभे राहिलेले झाड अज्ञान जाण्याचीही वाट पाहत नाही. श्रद्धा आपला पत्ता बदलते आणि झाड पोरके होते.

तेव्हा पँडोरावरील धर्माकडे पुन्हा वळून पाहू. त्या धर्मात एक गोष्ट अशी आहे, की जी पृथ्वीवरच्या कोणत्याही भक्ताच्या नशिबी नाही. तेथे देवीचे अस्तित्व वेणी जोडून पडताळून पाहता येते. चित्रपटातली शास्त्रज्ञ बाई तर झाडांच्या मुळांमधले संदेशवहन उपकरणांनी मोजते. ज्याचा पुरावा हातात आहे त्याचे रक्षण करणे हा शहाणपणा झाला. त्याला भक्ती म्हणावे की नाही याचा आम्हांला संशय आहे. विजेचे बिल वेळेवर भरणाऱ्याला कुणी वीजमंडळाचा भक्त म्हणत नाही. शिवाय संकटकाळी एवा धावून येते. पटकथाकाराने भक्तांच्या श्रद्धेची परीक्षा घेतली खरी, पण उत्तरपत्रिकाही स्वतःच लिहून दिली.

पृथ्वीवर असे होत नाही. आमच्या कार्यालयापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर नियमगिरीचा डोंगर आहे. ओडिशाच्या रायगडा आणि कालाहांडी या जिल्ह्यांत तो पसरला आहे. तेथे डोंगरिया कोंध लोकांची वस्ती आहे. डोंगरावर नियमराजाचे वास्तव्य आहे आणि शिखरावरचे रान तोडायचे नाही, असे ते मानतात. त्याच शिखरावर ॲल्युमिनियमच्या मातीचा, म्हणजे बॉक्साइटचा, सात कोटी टनांहून मोठा साठा आहे. ही माती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि डोंगराच्या कुशीतले झरे बारमाही वाहतात. खनिज आणि देव एकाच ठिकाणी सापडल्यावर पुढली कथा ठरलेली. तिचे चित्रपटाशी असलेले साम्य इतरांच्याही नजरेस आले. 2010 साली सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने दिग्दर्शक कॅमेरॉन यांना जाहिरातीतून आवाहन केले, की तुमची कल्पित कथा येथे खरी घडते आहे, साहाय्य करा.

पण शेवट मात्र निराळा झाला. नियमराजाच्या बाजूने रानातली जनावरे धावून आली नाहीत. 2013 च्या 18 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की या लोकांच्या धार्मिक हक्काचा विचार त्यांच्या ग्रामसभांनीच करावा. 2006 च्या वनहक्क कायद्याचा त्याला आधार होता. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बारा गावांत सभा भरल्या. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे निरीक्षक भर पावसाळ्यात त्या डोंगरातल्या गावांपर्यंत गेले. बाराही सभांनी खाणीस नकार दिला, आणि 2014 च्या जानेवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तो नकार कायम केला. देवाने काही केले नाही. देवाला मानणारी माणसे उभी राहून बोलली, आणि कुणा कारकुनाने ते बोलणे लिहून घेतले. या शेवटच्या तपशिलाचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी क्षम्य मानावा.

देवाचे नाव मात्र पाहण्यासारखे आहे. नियमराजा. मारवाडातील बिश्नोई पंथाचे नावही असेच. बीस आणि नऊ, म्हणजे एकोणतीस नियम. ते गुरू जांभेश्वरांनी 1485 साली घालून दिले. हिरवे झाड तोडू नये हा त्यांतलाच एक नियम. 1730 साली जोधपूरच्या महाराज अभयसिंहांच्या बांधकामासाठी चुना भाजायला लाकूड हवे होते, म्हणून दरबारची माणसे खेजडली गावी आली. अमृतादेवी नावाची स्त्री झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि झाडाआधी तिचे मस्तक पडले. मागून तिच्या तीन मुली, मागून गावोगावचे बिश्नोई, अशी तीनशे त्रेसष्ट माणसे त्या दिवसांत मेली असे परंपरा सांगते.

येथे आमच्या दगडाचा निवाडा होतो असे आम्हांस वाटते. खेजडलीच्या लोकांनी दुसऱ्याला देवाचे भय घातले नाही. कुऱ्हाड धरणाऱ्याचा त्यांच्या धर्मावर विश्वास असण्याची गरजच नव्हती, नव्हताही. त्यांचा नियम त्यांच्यापुरता होता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने दिली. आमच्या दगडाची तऱ्हा नेमकी उलटी. ज्यावर आमचा विश्वास नाही त्यावर मजुराने विश्वास ठेवावा, कोपाची भीती त्याने बाळगावी, बुडालेल्या मजुरीची झळ त्याने सोसावी, आणि सावलीचा आनंद मात्र आम्ही खिडकीतून घ्यावा. यात खोटेपणापेक्षाही मोठा दोष आहे. तो असा, की आमच्या खिशातून दहा रुपयांखेरीज काही जात नाही.

हे सर्व आम्हांस आता सुचते आहे. तेव्हा मात्र आम्ही शेंदराची पुडी विकत घेतली होती.

गेल्या पावसाळ्यानंतर कार्यालयाच्या मागील बाजूस वीजयंत्रासाठी खोली बांधण्याचा नवा प्रस्ताव आला. तेथे एक जुना करंज आहे. त्याच्याखाली दुपारी शिपाई डबा खातात आणि कावळे त्यांची वाट पाहतात. फाइल पुन्हा आमच्याकडेच आली. एका शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर आम्ही एक बरासा दगड शोधला आणि पुडी खिशात घेऊन करंजाखाली गेलो. तोच रात्रीचे पहारेकरी तेथे आले. वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना येथील रीतीप्रमाणे 'मउसा' म्हणतात. त्यांनी दगडाकडे पाहिले, आमच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिले आणि सारे ओळखले. आम्हांला वाटले, ते रागावतील. ते मुळीच रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "ठेवा बाबू, ठेवायला हरकत नाही. पण रोज दिवा कोण लावणार? तुमची तर बदली होईल."

वाचकहो, आपण सगळेच बदलीची माणसे. ज्या गावाची झाडे आपण ओळखू लागतो, त्या गावाहून आपला बाडबिस्तरा उठतो; आणि जेथे आपली देवराई आहे तेथे आपण चार वर्षांतून एकदा सवलतीच्या तिकिटावर जातो. मउसांचे ते बोलणे आम्हांला त्या अंगाने फार लागले. वडाखालचा दगड मजुरांना अडवू शकला, याचे कारण शेंदूर नव्हते. कुणीतरी रोज संध्याकाळी तेथे येत होते, पडलेला घोडा उभा करीत होते, पालापाचोळा काढीत होते. ते आम्ही इतक्या वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. पुढे चौकशी केली तेव्हा कळले, की ते मउसाच.

आम्ही दगड उचलून बाजूला ठेवला. सोमवारी कार्यालयात जाऊन टिपण लिहिले. वीजयंत्राची खोली बारा फूट पूर्वेस सरकविल्यास झाड तोडण्याचे कारण उरत नाही, खर्चात फारसा फरक पडत नाही, सबब पर्यायी नकाशा मागवावा. यापूर्वीच्या प्रकरणी "हरकत दिसत नाही" असा शेरा आम्हीच दिला होता आणि तो जागा न पाहता दिला होता, हेही त्यात नमूद केले. हे दुसरे वाक्य लिहिण्याची जरुरी नव्हती, असे वरिष्ठांनी आम्हांस बोलावून सांगितले. वार्षिक अहवालात त्याचे काय होईल ते होवो. खेजडलीपुढे ही किंमत काहीच नव्हे, ती किंमत म्हणून सांगण्याचीही आम्हांला लाज वाटते. पण दहा रुपयांहून ती थोडी अधिक आहे खास.

श्रीजगन्नाथाच्या नवकलेवराची रीत आम्हांस या संदर्भात नेहमी आठवते. मागील नवकलेवर 2015 साली झाले. मूर्तीसाठी कडुनिंबच लागतो, पण कोणताही चालत नाही. शोध, लक्षणे, पूजा, यज्ञ असे सगळे झाल्यावर झाडाला प्रथम सोन्याची कुऱ्हाड टेकवितात, मग रुप्याची, आणि मग लोखंडाची चालते. म्हणजे धर्म झाड तोडू नकाच असे सर्वत्र म्हणत नाही. प्रत्यक्ष देवासाठी झाड हवे असले, तरी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी पुष्कळ वेळा थांबावे लागेल, अशी व्यवस्था तो करतो. कारकुनाच्या टिपणाकडूनही, ते टिपण नीट लिहिले तर, याहून अधिक अपेक्षा नाही. आमच्या खात्याला दिरंगाईचा दोष जन्मभर लागत आला आहे. एखाद्या झाडासाठी तो खुशाल लागावा.

आता चिरंजिवांना उत्तर देणे राहिले. आम्ही त्यांना रविवारी कार्यालयाच्या आवारात नेले. वड दाखविला, घोडे दाखविले, आणि पाच झाडांची जागाही दाखविली. ती झाडे कुणी तोडली असे त्यांनी विचारले, तेव्हा "बाबांनी लिहून दिले म्हणून" असे सांगितले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवाविषयी पुन्हा विचारले नाही. मउसांना विचारले, की दिवा आम्हांला लावू द्याल का? मउसांनी काडेपेटी त्यांच्या हातात दिली. वाऱ्याने तीन काड्या विझल्या, चौथी लागली.

फाइल अजून वरून परत आलेली नाही. करंज आजतागायत उभा आहे. शेंदराची पुडी आमच्या टेबलाच्या खणात आहे. टाकून देववत नाही आणि वापरण्याचे आता मनात येत नाही. पुढेमागे बदलीचा हुकूम येईल तेव्हा ती मउसांच्या स्वाधीन करून जाऊ. त्यांना तिचा योग्य उपयोग ठाऊक आहे.